इंद्रलोकातले ऐरावत

पुराणातल्या इंद्रलोकात ऐरावत एकच होता. आमच्या इंद्रलोकात रात्री नऊनंतर फेरफटका मारला तर वीस-पंचवीस सहज मोजता येतात. भाईंदर पूर्वेला गोल्डन नेस्टच्या चौकातून आत वळलं, की इमारतींच्या कुंपणाला लागून ते एकामागोमाग एक उभे असतात. कुणाच्या हौद्यावर ताडपत्री, कुणाच्या पुढ्यात लिंबू-मिरची, कुणाच्या पाठीवर कुलदैवताचं नाव. त्यातल्या सर्वांत लहान गाडीला लोकांनीच ‘छोटा हत्ती’ म्हणायला सुरुवात केली. टाटांनी २००५ च्या मे महिन्यात ‘एस’ या नावाने ती बाजारात आणली, तेव्हा तिच्या इंजिनाला दोनच सिलिंडर होते, ताकद अवघी १६ अश्वशक्ती, आणि कंपनीच्या हिशेबाने तिने पाऊण टन माल न्यायचा होता. हत्ती हे नाव कंपनीने दिलेलं नाही. तिच्यावर काय काय लादलं जातं हे बघून ते रस्त्याने दिलं.

तिच्या शेजारी तिची मोठी भावंडं उभी असतात. महिंद्रची बोलेरो पिकअप, २०११ साली आलेली अशोक लेलँडची दोस्त. सव्वा ते दीड टनाच्या घरातल्या या गाड्या. सकाळी सहाच्या आत ही सगळी रांग मोकळी होते. कुणी औद्योगिक गाळ्यांतून स्टीलची भांडी उचलतो, कुणी वसईची भाजी, कुणी उत्तनची मासळी, कुणी भिवंडीच्या गोदामातून लाद्या आणि नळाचं सामान. मिठागरांच्या कडेकडेने वाढलेलं आमचं गाव २००२ साली महापालिका झालं. त्याआधीही इमारती उठत होत्या, आजही उठत आहेत. त्यातल्या प्रत्येक घराची फरशी, टाकी, कपाट आणि गॅसचा ओटा याच गाड्यांच्या पाठीवरून आला आहे. तुमच्या घरातलाही बहुधा तसाच आला असेल.

मी तीस वर्षं एका तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवलं. त्यामुळे एक सवय जडली आहे, तिला घरची मंडळी हसतात. इतर लोक गाडीचा रंग बघतात, नंबर बघतात. मी वाकून मागच्या चाकाजवळचे पाटे बघतो. पाटे म्हणजे चाकाच्या आतल्या बाजूला एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, धनुष्यासारख्या वाकवलेल्या. सर्वांत लांब पाटा बहुधा वर, त्याखाली क्रमाने आखूड होत जाणारे. चासी आणि चाकं यांच्यात उशी असते ती हीच. बाजारात जाऊन आलेल्या माणसाच्या पायातल्या चपला बघाव्यात तसे हे पाटे मालकाची सगळी हकिगत सांगतात. धनुष्य सरळ झालं असेल तर गाडी थकली. उलटं वाकलं असेल तर तिच्यावर अन्याय चालू आहे. आणि जुन्या गंजक्या पट्ट्यांच्या मध्ये दोन काळ्याकुळकुळीत नव्या पट्ट्या दिसल्या, तर मालकाने ‘पाटे वाढवले’.

हे पाटे वाढवणं हा आमच्याकडे एक स्वतंत्र धंदा आहे. हायवेच्या कडेला, टायरवाला आणि वेल्डिंगवाला यांच्या शेजारी पाटेवाला असतोच. आणि या पट्टीभोवती किती घरांचं गणित फिरतं हे मला नीट कळलं ते आमच्याच विंगमधल्या एका पिकअपवाल्यामुळे. माणूस जावळीकडचा, चाळिशीचा, सरळ. बँकेचं कर्ज काढून दीड टनाची नवी गाडी घेतली आणि तीन वर्षं इमानाने चालवली. एके दिवशी त्याची बायको आमच्याकडे आली. ‘‘सर, तुम्ही कॉलेजात हेच शिकवत होता ना? मग यांना जरा सांगा. हे पाटे वाढवायला निघालेत.’’

प्रकरण असं होतं. लाद्यांचा एक व्यापारी त्याला रोजचं काम देऊ करत होता, भिवंडीहून मीरा रोड आणि वसईच्या साइट्सवर. अट एकच. एका खेपेला अडीच टन उचलायचे. ‘‘बाकीचे सगळे उचलतात, तुझीच गाडी काय साखरेची आहे?’’ असं त्याने विचारलं होतं. बाकीच्यांनी दोन-दोन पाटे घातलेले होते. हप्ता डोक्यावर, मुलगा बारावीला. संध्याकाळी तो स्वतः आला आणि हात चोळत म्हणाला, ‘‘काका, दोन पाटे टाकले तर गाडी घेईल ना वजन?’’

मी म्हटलं, ‘‘पाटे घेतील. गाडीचं उद्या बघू.’’

लाद्यांचा हिशेब मोठा फसवा असतो. दोन फूट बाय दोन फुटाच्या चार लाद्यांचं खोकं तीसेक किलोचं भरतं. दीड टनात अशी ५० खोकी बसतात, अडीच टनात ८३. पण ही ८३ खोकी हौद्यात सारखी पसरली तर गुडघ्यापर्यंतही येत नाहीत. वर हौदा रिकामाच दिसतो. भाजीची, थर्मोकोलची, फर्निचरची गाडी भरलेली दिसते आणि हलकी असते. लाद्यांची, सळ्यांची, सिमेंटची गाडी रिकामी दिसते आणि मरणाची जड असते. सिमेंटच्या ३० गोण्या म्हणजे दीड टन पुरे. पाण्याचंही तेच. १००० लिटरची टाकी म्हणजे एक टन, आणि ती वळणावर स्वतःच्या मर्जीने हलते ते वेगळंच. हौद्याकडे बघून वजन ठरवणाऱ्या माणसाचा घात इथेच होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी घेऊन पाटेवाल्याकडे गेलो. खोपटंच ते. बाहेर पाट्यांची रास, आत एक छोटी भट्टी, ऐरण आणि दोन घण. मिस्त्री मूळचा उत्तरेकडचा, पण मुंबईच्या हवेवर मराठी पक्की झालेली. त्याने चासीखाली जॅक लावला, चाक काढलं, आणि सगळी वीण मला उघडी दिसली.

बैलगाडीला पाटे नसत. टांग्याला आले, तेव्हा त्यांना आपण कमान म्हणत असू. इंग्लंडात ओबडाया इलियट नावाच्या माणसाने १८०४ साली घोडागाडीसाठी अशा कमानींच्या जोडणीचं पेटंट घेतलं. त्यानंतर घोडे गेले, इंजिनं आली, संगणक आले. माल वाहणाऱ्या लहान गाडीच्या मागच्या चाकापाशी मात्र दोनशे वर्षांनंतरही तीच कमान आहे. रस्त्यावरच्या गाड्या मात्र बदलत गेल्या: पुण्याच्या बजाज टेम्पोची तीनचाकी हॅन्सीट, मग मॅटाडोर, आणि आजची पिकअप. (मराठीत माल नेणाऱ्या कुठल्याही गाडीला आपण टेम्पो म्हणतो ते या कंपनीमुळेच. कंपनीने २००५ मध्ये नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, आपण बदललं नाही.) कमान टिकली याचं कारण ती एकाच वेळी तीन कामं करते. वजन तोलते, पाट्याला पाटा घासून उसळी थोडी जिरवते, आणि सर्वांत वरचा मेन पाटा एक्सलला जागेवर धरून ठेवतो. मेन पाट्याची टोकं वळवून त्यांचे डोळे केलेले असतात, त्यांत बुश आणि पिन असते. तो पाटा मोडला तर नुसती गाडी बसत नाही, मागचा एक्सल तिरका होतो आणि गाडी खेकड्यासारखी चालू लागते. म्हणून पुष्कळ गाड्यांत दुसऱ्या पाट्याची टोकंही त्या डोळ्याभोवती वळवून ठेवतात. पहिला मोडला तर दुसऱ्याने तात्पुरतं धरावं, ही सोय.

आता पाटे वाढवल्याने होतं काय? सात सारखे पाटे असतील आणि त्यात पूर्ण लांबीचा आठवा घातला, तर कमान साधारण सातवा हिस्सा अधिक ताठ होते. इतकंच. म्हणून मिस्त्री मंडळी सारखा पाटा घालत नाहीत, जाड घालतात. इथे एक गंमत आहे. पाट्याची रुंदी दुप्पट केली तर ताकद दुप्पट होते. पण जाडीचा परिणाम घनाच्या हिशेबाने होतो. ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा पाटा घातला, तर दिसायला फरक दोन मिलिमीटरचा, पण तो पाटा जवळजवळ दुप्पट ताठ. मालक खूश होतो. पण त्याच कमानीत सगळे पाटे एकत्र वाकतात, आणि सारखंच वाकताना जाड पाट्याच्या अंगात ताण जास्त भरतो. दहाच्या पाट्यात आठच्या पाट्यापेक्षा सव्वापट. म्हणजे सगळ्यांच्या मदतीला आणलेला पैलवान सगळ्यांच्या आधी मोडतो. मोडतो तोही भर रस्त्यात, खड्ड्यात, माल भरलेला असताना. अलगद ठेवलेलं वजन आणि तेच वजन एकदम टाकलं तर येणारा दाब यांत दुपटीचा फरक असतो, हे आम्ही दुसऱ्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर सिद्ध करून दाखवत असू. खड्डा तेच रस्त्यावर सिद्ध करतो.

मिस्त्रीला हे गणित माहीत नव्हतं, पण त्याचं उत्तर माहीत होतं. ‘‘जाड पाटा एकटा नाय टाकायचा सर. खाली हेल्पर टाकायचा, गॅप ठेवून.’’ बरोबर. हेल्पर म्हणजे जवळपास सपाट असे एक-दोन पाटे मुख्य कमानीपासून थोडं अंतर ठेवून बसवतात. गाडी रिकामी असताना ते नुसते बघत राहतात. वजन पडून कमान बसली की ते टेकतात आणि कामाला लागतात. यात गाडी रिकामी असताना दणके देत नाही. सरसकट ताठ केलेली गाडी रिकामी परतताना अशी उडते, की मागची चाकं रस्त्यावर कमी आणि हवेत जास्त. त्या हवेतल्या क्षणी ब्रेक लावला तर काय होईल ते सांगायला नको. अंडी, काच, टोमॅटो नेणाऱ्याने तर सरसकट जाड पाट्यांच्या वाटेला जाऊ नये. काही नव्या गाड्यांत मोजकेच पाटे असतात, मध्ये जाड आणि टोकाकडे निमुळते, एकमेकांना न घासणारे. त्यांच्यात साधी सपाट पट्टी खुपसणं म्हणजे सतारीला तारेच्या जागी कुंपणाची तार लावणं.

पण खरी बातमी मिस्त्रीने वेगळीच दिली. डाव्या बाजूचा तिसरा पाटा मोडलेला होता. दिसत नव्हता, नुसती एक बारीक भेग आणि तिच्याकडेला गंजाची लालसर रेघ. उजवीकडचे बुश झिजून लंबगोल झालेले. म्हणजे गाडी जी एका बाजूला बसत होती, ती पाटे कमी होते म्हणून नव्हे, आहेत ते धड नव्हते म्हणून. वाढीव पाट्यांची मागणी घेऊन येणाऱ्या दहातल्या अर्ध्या गाड्यांची हीच गत असते, असं मिस्त्री म्हणाला. त्याच्या धंद्याच्या विरुद्ध असूनही म्हणाला, म्हणून मी विश्वास ठेवला. दुसऱ्या एका बाबतीत मात्र आमचं जमलं नाही. बसलेले पाटे भट्टीत लाल करून, घणाने ठोकून पुन्हा कमान चढवायची त्याची पद्धत. पट्टी दिसायला नव्यासारखी वाकते, पण पाट्याचं पोलाद कारखान्यात ठरावीक तापमानाला तापवून, तेलात विझवून, पुन्हा ठरावीक मंद आचेवर मुरवलेलं असतं. त्याचा सगळा चिवटपणा त्या मुरण्यात. भट्टीत अंदाजाने लाल केलं की तो गेला. मग पाटा एक तर महिन्यात पुन्हा बसतो, नाही तर काचेसारखा तडकतो. मी म्हटलं, नवे घाल, दोन्ही बाजूंना सारखे, आणि यू-बोल्टही नवे. जुना यू-बोल्ट एकदा ताणला गेला की पुन्हा तसा आवळत नाही. त्याने मान हलवली. ही मान पटल्याची होती की म्हाताऱ्याला मान दिल्याची, सांगता येत नाही.

मग मी विचारलं, ‘‘समजा, अडीच टनासाठी तुम्ही पाटे वाढवून दिलेत. मग बाकी गाडीचं काय?’’

तो हसून म्हणाला, ‘‘सर, गाडी उभी ठेवणं माझं काम. थांबवणं ब्रेकवाल्याचं.’’

या वाक्यावर मी आमच्या पिकअपवाल्याला रस्त्याच्या कडेला बसवून शेजारच्या टपरीचा चहा पाजला आणि त्याचीच आरसी उघडली. त्यात दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि मालासकट एकूण वजन. या दुसऱ्या आकड्यालाच बोलीत ‘पासिंग’ म्हणतात. हा आकडा पाट्यांवरून ठरत नाही. पाटे, टायर, डिस्क, बेअरिंग, एक्सलचं हाउसिंग, चासी आणि ब्रेक या सगळ्यांत जो सर्वांत दुबळा, त्याच्यावरून ठरतो. त्याची गाडी रिकामी सतराशे किलोच्या आसपास. दीड टन मालासकट ३२०० किलो, अडीच टनासकट ४२००. वाढलेला टन जवळजवळ सगळा मागच्या एक्सलवर येणार. मागे चाकं दोनच. एकेका टायरवर दीड टनाच्या जवळपास भार, आणि टायरच्या कडेला छापलेला आकडा त्याहून बराच कमी. तो आकडा त्याने तीन वर्षांत पहिल्यांदाच वाचला.

भिवंडीहून यायचं म्हणजे घोडबंदर रस्ता, आणि घोडबंदर रस्ता म्हणजे गायमुखचा घाट. सह्याद्रीतल्या घाटांच्या मानाने तो टेकाडच, पण जड गाड्यांची तिथे कायम दमछाक होते आणि पावसाळ्यात त्याची दशा बघवत नाही. वजन तिसऱ्या हिश्शाने वाढलं तर त्याच वेगाला गाडी थांबवताना ब्रेकला तिसऱ्या हिश्शाने जास्त उष्णता गिळावी लागते. ब्रेक लाइनर तापत गेलं की त्याची पकड सुटत जाते. पेडल दाबलेलं असतं, पाय थरथरत असतो, आणि गाडी चालतच असते.

आणि एक बारीक वस्तू आहे, तिच्याविषयी मी गेली अनेक वर्षं सापडेल त्या ड्रायव्हरला विचारतो आणि क्वचितच कुणाला ती माहीत असते. मागच्या चाकांवर वजन नसताना जोरात ब्रेक लावला तर ती चाकं आधी जखडतात, घसरतात, आणि गाडीची शेपटी फिरते. भरलेल्या गाडीला मात्र मागे भरपूर ब्रेक हवा असतो. म्हणून बऱ्याच पिकअपना मागच्या ब्रेकच्या नळीत एक वाल्व बसवलेला असतो. त्याचं शरीर चासीला आणि दांडी मागच्या हाउसिंगला जोडलेली. माल भरला की चासी खाली बसते, दांडी हलते, वाल्व उघडतो आणि मागे जास्त दाब जातो. साधी, सुंदर युक्ती. पण या वाल्वकडे तराजू नाही. तो वजन मोजत नाही, अंतर मोजतो. तुम्ही जाड पाटे घातलेत, की अडीच टन भरूनही चासी खाली बसत नाही. गाडी रुबाबात उभी असते, मालकाला अभिमान वाटतो, आणि वाल्वला वाटतं हौदा रिकामा आहे. तो मागचा ब्रेक तोडून ठेवतो. म्हणजे ज्या दिवशी गाडीला सर्वांत जास्त ब्रेक हवा, त्याच दिवशी तिला रिकाम्या गाडीचा ब्रेक मिळतो. हे ओळखून दांडी तारेने एका जागी बांधून टाकण्याचा जालीम उपायही केला जातो. मग तीच गाडी पावसात रिकामी परतताना ब्रेक लावताच आडवी होते. पाटे बदलल्यावर या दांडीचं अंतर कंपनीच्या मापाने पुन्हा लावून घ्यायला हवं. पाटेवाला ते करत नाही, ब्रेकवाल्याला कुणी सांगत नाही.

चहा निवला. माणूस बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘सुट्टीत मुलगा येतो माझ्याबरोबर. क्लीनरसारखा.’’ एवढंच.

माल कुठे ठेवायचा याची अक्कल आपल्या शेतकऱ्यांना पिढ्यान् पिढ्यांची आहे. मागे जड झालेल्या बैलगाडीला ‘उलाळ’ म्हणतात आणि पुढे जड झालेलीला ‘धुरजड’. हे शब्द शहरात आलेल्या नातवंडांनी टाकून दिले, पण भौतिकशास्त्र गावी राहिलेलं नाही. पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये अडीच मीटर अंतर असेल आणि १०० किलोचं ओझं मागच्या एक्सलच्याही एक मीटर मागे ठेवलं, तर मागच्या चाकांवर १४० किलो येतात आणि पुढच्या चाकांवरून ४० किलो उचलले जातात. बैलगाडीत जू बैलांच्या मानेवरून वर जाई, पिकअपमध्ये स्टीअरिंग हलकं होतं. स्टीअरिंग हलकं लागतंय म्हणून खूश होणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. त्यांचे हेडलाइटही मग समोरच्याच्या डोळ्यांत आणि झाडांच्या शेंड्यांवर पडत असतात. जड खोकी केबिनच्या बाजूला, हलकी मागे. यासाठी एक रुपयाही लागत नाही आणि निम्म्या गाड्यांचं ‘मागून बसणं’ यानेच थांबतं.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलांशी न जुळणारे बदल गाडीत करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठणकावून सांगितलं. जादा वजनाचा दंड २०१९ च्या दुरुस्तीने २० हजार रुपये आणि वर जादा प्रत्येक टनाला २ हजार असा झाला. शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा, उतरवण्याचा खर्चही भरायचा. त्याआधी दंड २ हजार आणि टनाला १ हजार होता, म्हणजे तो भाड्यातच धरला जाई. एके काळी तर काही राज्यं जादा भाराची रीतसर कार्डं विकत. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो प्रकार मोडून काढला. पुढे जुलै २०१८ मध्ये केंद्राने मोठ्या ट्रकांच्या एक्सलची मर्यादाच वाढवून दिली. ती बातमी ऐकून ‘आता सगळ्यांचंच पासिंग वाढलं’ असा समज आमच्या रांगेतही पसरला होता. तसं नसतं. पाटे कितीही घाला, आरसीतला आकडा एका किलोनेही हलत नाही, आणि अपघात झाल्यावर विम्याच्या कागदात तोच आकडा वाचला जातो.

या कलमातला एक शब्द मला महत्त्वाचा वाटतो. दंड नुसता चालवणाऱ्याला सांगितलेला नाही, ‘चालवायला लावणाऱ्या’लाही आहे. पण काट्यावर गाडी धरली की उन्हात उभा राहतो तो ड्रायव्हर. अडीच टनाची अट घालणारा शेठ गोदामात पंख्याखाली असतो. मला हे अन्यायाचं वाटतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साडेसात टनांपर्यंतचं मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या साध्या परवान्यावर चालवता येईल हे कायम केलं. हजारो गरीब ड्रायव्हरांची त्याने सोय झाली, ती योग्यच. पण मोटारगाडी शिकलेल्या मुलाला भरलेली पिकअप कशी थांबते हे कुणी शिकवलेलं नसतं, तेही खरंच.

जगात इतरत्र हा प्रश्न नाही असं नाही. अमेरिकेत घरोघरी पिकअप, आणि मागे बोट किंवा फिरतं घर जोडलं की तिची शेपटी बसते. तिथे पाट्यांच्या जोडीला रबराचे हवा भरायचे फुगे बसवतात. रिकामी असताना हवा कमी, भरली की जास्त. फुगा फार फुगवला तर सगळा भार चासीच्या एका ठिकाणी येऊन ती वाकते, ही त्याची दुसरी बाजू. ऑस्ट्रेलियात मात्र मला हेवा वाटेल अशी एक सोय आहे. पाटे, शॉकअब्झॉर्बर वगैरे प्रमाणित संच बसवून, तपासणी करून, गाडीच्या एकूण वजनाचा आकडाच कायदेशीररीत्या वाढवून घेता येतो. म्हणजे बदल हवा असेल तर तो उजेडात होतो, कागदावर येतो. आपल्याकडे तो हायवेच्या कडेला खोपटात होतो.

रस्त्यांचं म्हणाल तर त्याचाही हिशेब जुना आहे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावा गावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर रात्रंदिवस भरलेले ट्रक फिरवले गेले. त्यातून असं दिसलं, की एक्सलवरचं वजन दुप्पट केलं तर रस्त्याची झीज दुप्पट नव्हे, साधारण सोळापट होते. आमच्या पिकअपचा वाटा त्यात ट्रकांच्या मानाने किरकोळच. पण जो खड्डा वजनाने होतो, तोच पाटा मोडतो, आणि मोडलेल्या पाट्यासाठी माणूस आणखी जाड पाटा घालतो.

आमच्या पिकअपवाल्याने मोडलेला पाटा बदलला, बुश बदलले, दोन्ही बाजू सारख्या करून घेतल्या. पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायला तो स्वतःहून गेला, कारण नवे पाटे एकमेकांत बसले की बोल्ट सैल होतात हे त्याला पटलं होतं. लाद्यांचं काम त्याच्या हातून गेलं. व्यापाऱ्याला दुसऱ्याच दिवशी दुसरी गाडी मिळाली. चार महिने घरात ओढाताण झाली, त्याच्या बायकोने माझ्याशी बोलणं जरा कमी केलं. मग भाईंदरच्याच गाळ्यांतून स्टीलच्या भांड्यांचं काम लागलं. पातेली, डबे, हौदा ताडपत्रीपर्यंत भरतो आणि वजन पासिंगच्या आत राहतं. पैसे लाद्यांपेक्षा कमी, हे तो अजून मला दर गणपतीत ऐकवतो. आणि ती दुसरी गाडी? ती अजून घोडबंदरवर धावते आहे, तिला काही झालेलं नाही. रोज काही होत नाही, म्हणून तर पाटेवाल्याकडे रांग असते.

घराचं काम काढाल तेव्हा लाद्या, वाळू, सिमेंट तुमच्याही दारात येईलच. माल उतरवायच्या आधी एकदा मागच्या चाकाशी वाका. चासीच्या खाली, हाउसिंगच्या बरोबर वर एक काळा रबरी ठोकळा दिसेल. तो आणि हाउसिंग यांच्यामध्ये दोन-तीन बोटं तरी जागा असायला हवी. ठोकळा टेकलेला दिसला, किंवा भरपूर माल असूनही कमान जशीच्या तशी ताठ आणि तिच्यात दोन नव्या काळ्या पट्ट्या दिसल्या, तर पुढची खोकी दोन खेपांत आणायला सांगा आणि दुसऱ्या खेपेचं भाडं ड्रायव्हरच्या हातात द्या, दुकानदाराच्या नव्हे.